माळ्याचे पत्र



पत्रलेखन आपण परीक्षेतील गुणांपुरतेच शिकतो. आज ज्या पत्रांविषयी बोलणार आहे, त्यांना गुण कोणी दिले नाहीत. पण त्यांतून विज्ञान घडले.

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीचे टपाल सुरू झाले. त्यापूर्वी टपालखर्च अंतरावर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी बसे. आता अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहणारे चार्ल्स डार्विन प्रकृतीने नाजूक, प्रवास टाळणारे. पण त्यांची आणि त्यांना आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रे आज उपलब्ध आहेत. कबुतरे पाळणारे, माळी, वैद्य, ज्याला जे ठाऊक त्याला ते विचारायचे, असा त्यांचा खाक्या. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळणारे एडवर्ड ब्लाइथ आपल्याकडील पाळीव जनावरांची माहिती त्यांना लिहून पाठवीत.

१८६२ साली डार्विन यांचे ऑर्किडच्या फुलांवरील पुस्तक निघाले. ॲक्रोपेरा नावाच्या ऑर्किडची आपण तपासलेली फुले केवळ नर असावीत, असे त्यांनी त्यात म्हटले होते. त्याच वर्षी एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातून जॉन स्कॉट नावाच्या तरुणाचे पत्र आले. हा ना प्राध्यापक ना पदवीधर. उद्यानात रोपे तयार करण्याचे काम पाहणारा. त्याने नम्रपणे कळवले की, आपण त्याच फुलावर परागकण घातले आणि त्याला बियांचे बोंड धरले आहे. म्हणजे पुस्तकातील विधान चुकीचे!

डार्विन यांनी काय केले? आभार मानले, आणखी प्रश्न विचारले आणि या माळ्याशी पत्रव्यवहार सुरू ठेवला. पुस्तकाच्या १८७७ च्या आवृत्तीत आपली चूक स्कॉटने दाखवल्याचे त्यांनी छापले.

येथे थोडे माझ्याविषयी सांगतो. माझ्या वर्गातील एका मुलाने फळ्यावरचे माझे गणित चुकल्याचे सांगितले. चुकलेच होते. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोराला माफ करा, लहान आहे, जीभ सैल सुटते." त्यांना काय उत्तर द्यावे ते मला चटकन सुचले नाही. मुलगा मात्र त्यानंतर आठवडाभर गप्प होता. पालकहो, ती शांतता मला आजही टोचते.

स्कॉटचे पुढे काय झाले? प्रिम्युला वर्गातील फुलांवरचा त्याचा निबंध डार्विन यांच्या प्रयत्नाने १८६४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आला. त्याच वर्षी एडिंबरोची नोकरी सुटली, तेव्हा हिंदुस्थानला जाण्याचा प्रवासखर्च डार्विन यांनी दिला. कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानात स्कॉटला काम मिळाले. तेथेही डार्विन यांची पत्रे पोहोचत. इथली माणसे रडताना, लाजताना, नकार देताना चेहरा कसा करतात? उत्तरे जात राहिली, आणि १८७२ च्या भावनाविषयक पुस्तकात त्याच्या नावासह छापली गेली.

१८८० साली स्कॉट वारला. पुढच्या वर्षी डार्विन यांचे गांडुळांवरील पुस्तक आले. कलकत्त्याच्या बागेतील गांडुळे मातीचे केवढे उंच मनोरे रचतात, याची स्कॉटने पाठवलेली माहिती त्यात आहे.