कपाळ आणि चेहरा



बाई भेटली की आपली पहिली नजर जाते कपाळाकडे, मग गळ्याकडे. चेहऱ्यापर्यंत ती पुष्कळदा पोचतच नाही. (पुरुषाकडे पाहून त्याची बायको हयात आहे की नाही, हे कोणी ओळखून दाखवावे!) संक्रांतीचे हळदीकुंकू घ्या. नवऱ्यामागे राहिलेली शेजारीण सकाळी आपल्याला तिळाच्या वड्या थापून देते, मुले सांभाळते, आणि संध्याकाळी, कोणी न सांगता, दार लावून घेते. तिला बोलावले नाही असे कोणी म्हणत नाही. ‘ती आलीच नाही’ म्हणतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला : पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद. फार चांगले झाले. पण ‘रात्री झोप लागते का गं?’ हे काही ग्रामपंचायत विचारायला येणार नाही.

तेव्हा माझी सूचना एवढीच, की येत्या संक्रांतीची यादी सवाष्णींची न करता दारांची करावी. एकही दार वगळू नये. आणि पहिले वाण त्या वड्या थापणारीच्या हातून द्यावे. मंडळाने यावर आजच विचार करावा, अशी विनंती आहे.