अवकाळी पाऊस आणि बंद खिडकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. भाषणाची मला सवय नाही. पण "तुमच्या घरी जे घडले तेवढेच सांगा, चार घरांना उपयोग होईल," असे त्या म्हणाल्या, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या नाशिकला थंडी नवी नाही. पण आपली थंडी कोरडी. सकाळी कुडकुडावे, दुपारी उन्हात गोधड्या टाकाव्यात, पापड-सांडगे वाळवावेत, असा आपला हिवाळा. २०२१ च्या डिसेंबरचे पहिले दोन दिवस मात्र वेगळेच उजाडले. अरबी समुद्रावरचा कमी दाबाचा पट्टा आणि उत्तरेकडचा पश्चिमी झंजावात यांची गाठ पडली, आणि ऐन कार्तिकात श्रावणासारखी झड लागली. सोबत बोचरा वारा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचे मणी तडकले, मेंढपाळांच्या मेंढ्या गारठून दगावल्या. ३ तारखेपासून आपल्या गावात ९४ वे साहित्य संमेलन भरायचे होते, त्यामुळे मंडपाचे काय होणार ही काळजी ज्याच्या त्याच्या तोंडी होती.

माझी काळजी घरातली होती. मुलगी बाळंतपणाला आलेली, बाळ बावीस दिवसांचे. लंगोट वाळेनात, दुपटी ओलसर, भिंती गार. दोन दिवस कसेबसे निभावले. गुरुवारी दुपारी बाळाचे पाय हाताला गार लागले आणि माझा धीर सुटला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायचीच. पेटव की." मी कोळसे फुलवले, शेगडी खोलीत नेली. वारा येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, दाराच्या फटीला जुने लुगडे लावले आणि शेगडीच्या वरच्या दोरीवर लंगोट टाकले. खोली उबदार झाली. मला फार समाधान वाटले.

तासाभराने मुलगी म्हणाली, "आई, डोकं फार दुखतंय, मळमळतंय." मला वाटले, रात्रीचे जागरण. आल्याचा चहा करून दिला. माझेही डोके जड झाले होते, ते मी दगदगीवर ढकलले. बाळ मात्र प्यायला उठेना. शांत निजले आहे, असेच मी मनाशी म्हटले.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. आपल्या मंडळाचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे, की बाळंतीण असेल त्या घरी पावसापाण्यात कोणीतरी डोकावायचे. त्यांनी खोलीचे दार उघडले मात्र, आणि ओरडल्याच, "अहो काकू, खिडक्या उघडा आधी!" स्वतःच पुढे होऊन त्यांनी तावदाने सरकवली, बाळाला उचलून बाहेर नेले, मुलीला हाताला धरून उठवले. रिक्षा करून आम्ही दवाखाना गाठला. मुलीला प्राणवायू लावला, बाळाला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. देवाच्या दयेने दोघेही सुखरूप घरी आली.

डॉक्टरांनी मला समजावले ते सांगते. कोंडलेल्या जागी कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, म्हणून माणूस गुदमरतो आहे हे त्याचे त्यालाच कळत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि आपण म्हणतो, झोप लागली.

सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग आपण होऊनच म्हणाल्या, "आमच्या वाड्याला कौलं होती गं. धूर वरून जायचा, दाराला फटी होत्या. तुमच्या या घराला फट कुठे आहे?" भगिनींनो, एवढ्या एका वाक्यात सारे आले. घर बदलले आणि रीत तशीच चालवली, ही माझी चूक. दोष सासूबाईंचा नव्हे. लुगड्याने फट मी बुजवली होती.

तेव्हा अशी हवा पुन्हा आली तर काय करावे? शेगडी बंद खोलीत कधीही नेऊ नये. धुरी द्यायची हौस असेल तर बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवावे. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल त्यांनीही हाच धडा घ्यावा, कारण झरोका बंद करून आंघोळ करणे तितकेच घातक. बाळाला ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून शाल पांघरावी; टोपडे, मोजे घालावेत. गरम पाण्याची पिशवी अंथरुणात आधी ठेवून, बाळाला निजवण्यापूर्वी काढून घ्यावी. लंगोट पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवावी. ओल्या हाताने मात्र विजेच्या बटणाला हात लावू नये. आणि खिडकी बोटभर का होईना, उघडी असू द्यावी. थोडा गारवा सोसतो.

शेवटचे एक. वहिनी त्या दिवशी पावसाचे कारण सांगून घरी बसल्या असत्या, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. पण त्या आल्या. झड लागली की आपण दारे लावून घेतो, आणि नेमके तेव्हाच शेजारचे दार वाजवायला हवे असते. हा रिवाज आपण मोडू देऊ नये, एवढीच माझी विनंती.