इंग्रजी शिकायचं, पण मराठी न सोडता
(ग्वाल्हेरहून ऑनलाइन केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, भालकी, जिथून कुठून ऐकत असाल, त्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, मी ग्वाल्हेरहून बोलतेय. शिंद्यांच्या बरोबर इकडे आलेली मराठी घरं दोनशे वर्षांहून जास्त काळ इथे नांदत आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी, असा आमचा संसार. तुमच्या दाराबाहेर कन्नड आहे. बाकी गोष्ट एकच.

मी दर्पण कॉलनीत राहते. संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी टाकून दहा-बारा जणांना इंग्रजी शिकवते. सहावीतली मुलगी आहे, तसा बी.कॉम. झालेला मुलगाही आहे. त्या मुलाला सगळे काळ नावांसकट पाठ. पण समोरच्यानं सहज विचारलं, 'व्हॉट डिड यू ईट टुडे?', की घसा कोरडा. तुमच्यातही असे कितीतरी असतील. दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकले, पेपर सुटले, तोंड मात्र उघडत नाही.

मग घरात निष्कर्ष निघतो: मराठी शाळेत घातलं म्हणून असं झालं, आता धाकट्याला तरी इंग्रजी माध्यमात टाकू. मला आज या निष्कर्षाबद्दलच बोलायचंय. कारण रोग एक आणि औषध दुसरं, असं चाललंय. आपण इंग्रजीबद्दल शिकलो. इंग्रजीत काही ऐकलं नाही, काही सांगितलं नाही. आणि भाषा येते ती समजलेलं ऐकून आणि मोडकंतोडकं का होईना, बोलून.

यावर साधा उपाय म्हणजे गोष्ट. तीही ओळखीची. चिऊताई आणि कावळा घ्या. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो आणि चिऊताई दर वेळी काहीतरी कारण सांगते. 'वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी.' 'वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी.' चालू वर्तमानकाळ शिकवायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे अर्थासाठी डोकं शिणत नाही, सगळं लक्ष भाषेकडे जातं. आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे तिसऱ्या खेपेला मुलंच ते म्हणू लागतात.

'अ' आणि 'द' कुठे लावायचं, हा आपला जुना छळ. तोही गोष्टीत सुटतो. आपण म्हणतो, 'एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या.' पहिल्यांदा 'एक राजा', मग ओळख झाल्यावर 'तो राजा'. इंग्रजीतही तसंच: आधी 'अ किंग', मग 'द किंग'. सगळे नियम यात बसत नाहीत, पण अर्धी भीती जाते. म्हणजे बघा, मराठी इथे आड आली नाही. तिनेच वाट दाखवली.

पण शब्दाला शब्द ठेवत गेलात तर फसाल. 'मला भूक लागली' यात भूक मला येऊन लागते. इंग्रजीत 'आय ॲम हंग्री', मीच भुकेला. म्हणून सुटे शब्द नव्हे, अख्खं वाक्य उचलायचं.

गोष्टीतून भूतकाळ येतो: वॉज, हॅड, वेंट, सेड. प्रश्न विचारायला मात्र संवादच लागतो. आपला 'का' वाक्याच्या शेवटी बसतो, त्यांचा 'डू' सुरुवातीलाच उभा. 'डू यू लाइक कारलं?' असं दहा जणांना विचारा, जिभेला वळण लागतं. कारल्याचं इंग्रजी नंतर बघू! आणि कुणी चुकलं तर हसायचं नाही, मध्येच तोडायचंही नाही. मुलगी म्हणते, 'येस्टरडे आय गो टू मार्केट.' मी म्हणते, 'ओह, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?' दुरुस्ती झाली, बोलणंही थांबलं नाही.

हे माझ्या घरचं शास्त्र नाही. १९२० च्या दशकात ढाक्याला मायकेल वेस्ट नावाच्या शिक्षकानं बंगाली मुलांसाठी मोजक्या, नेहमीच्या शब्दांत वाचनाची पुस्तकं तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्याची सुमारे दोन हजार उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर-मद्रास भागातल्या साध्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं, कोडी अशी कामं मुलांकडून इंग्रजीत करवून घेतली. आणि फिजीमध्ये १९८० च्या सुमारास खेड्यातल्या वर्गांना प्रत्येकी अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली. या मुलांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. तरी वर्षभरात वाचून आणि ऐकून समजण्यात त्यांची प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट झाली. दुसऱ्या वर्षी लिहिण्यातही फरक दिसला.

पुस्तकं कुठून आणायची? प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' फुकट आहे. तिथे अनेक गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही मिळतात, सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावलेल्या. आधी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. लहान मुलांच्या गोष्टी वाचायला लाजू नका. पहिलीतलं मराठीही आपण तसंच शिकलो.

आमच्या कॉलनीच्या नावावरून मला नेहमी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' आठवतं. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालेलं हे पहिलं मराठी वृत्तपत्र. त्याच्या पानावर दोन रकाने असायचे, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. एक रकाना पुसून दुसरा लिहायचा, असं बाळशास्त्रींना वाटलं नाही. आपल्याला का वाटावं? ज्या घरात मुलाशी मराठी बोलणं बंद होतं आणि इंग्रजी नीट बोलता येत नाही, त्या घरात आजी आणि नातू यांच्यात शेवटी 'जेवलास का?' एवढंच उरतं. ही किंमत इंग्रजीसाठी मोजायची मुळी गरजच नाही.

म्हणून एवढंच करा. रोज वीस मिनिटं. दहा मिनिटं गोष्ट, मोठ्यानं वाचून. दहा मिनिटं मित्राशी फोनवर त्याच गोष्टीवर इंग्रजीत गप्पा. अडलात तर मराठी शब्द घाला आणि पुढे चला. आठवड्याला एक गोष्ट धाकट्या भावंडाला दोन्ही भाषांत सांगा. ज्याला सांगता येते, त्याला ती आली.

आता प्रश्न विचारा. इंग्रजीत विचारलेत तर जास्त आनंद होईल, चुकलात तरी!