चौथी वायर

गणपती आठ दिवसांवर आले की आमच्या विचुंबे गावात घरोघरी मखरं उभी राहू लागतात. मूर्ती पेणची, आणि मखराला हल्ली एलईडीची रंगीत पट्टी. गेल्या वर्षी शेजारी अशीच पट्टी पांढऱ्या उजेडावर लावली, तर बाप्पाचं अंग गुलाबी दिसू लागलं आणि पीतांबर ओळखू येईना. पट्टीत दोष नव्हता. तिची चौथी वायर जोडलीच नव्हती.

लाल, हिरवा आणि निळा दिवा एकत्र पेटवला की भिंत पांढरी दिसते. पण त्या उजेडात पिवळ्या-नारिंगी छटा फार थोड्या असतात, म्हणून वस्तूंचे रंग बदलतात. खऱ्या पांढऱ्या एलईडीत निळ्या दिव्यावर फॉस्फर या प्रकाशणाऱ्या पदार्थाचा पिवळसर लेप असतो, आणि त्यातून जवळजवळ सगळ्या छटा मिळतात. हा निळा दिवा घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक वायर सोडली, तर लाल, हिरव्या, निळ्यानंतरची चौथी वायर असते ती या पांढऱ्या दिव्याची.

मग तो किती पेटवायचा? कायम पूर्ण ठेवला तर बाकीचे रंग धुतल्यासारखे फिके पडतात. प्रत्येक दिव्याचा जोर शून्य ते २५५ अशा आकड्यानं ठरतो, आणि हिशेब सोपा आहे. तिन्ही रंगांच्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा पांढऱ्याला द्या आणि तेवढाच तिघांतूनही वजा करा. १५ ऑगस्टच्या रोषणाईतला केशरी घ्या: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. पांढऱ्याला ५१ दिले की लाल उरतो २०४, हिरवा १०२ आणि निळा शून्य. तिरंग्याच्या मधल्या पट्ट्यात तर तिघेही बंद आणि पांढरा एकटा पूर्ण. तिघांचं काम एकानं केलं, म्हणजे वीजही वाचली.

छापखान्यातही हेच चालतं. तीन रंगीत शाया मिसळून काळा मळकट उमटतो, म्हणून काळी शाई चौथी ठेवतात.

पट्टी लावताना एक मात्र बघा. पांढरा दिवा कधी पिवळट असतो, कधी निळसर. पिवळट वाटला तर निळा किंचित वाढवा, निळसर वाटला तर लाल आणि थोडा हिरवा. यासाठी यंत्र नको. रिकाम्या मखरात पांढरा दिवा पेटवून कोरा पांढरा कागद धरा. तो पांढराच दिसला, की मूर्ती आणा. पेणच्या कारागिरानं दिलेला रंग घरात बराचसा तसाच दिसेल.