वैमानिक इंद्रलाल रॉय
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीच्या व्यासपीठावरून एका बंगाली तरुणाचे गुणगान कशासाठी, असे काही वडीलधाऱ्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जावर ‘एकदा नापास’ एवढा शेरा दिसला की तो बाजूस सारण्याची आपली रीत आम्हांस फार दिवस खटकत आहे. इंद्रलाल रॉय तर दोनदा अपात्र ठरले होते!

त्यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यास झाला. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरने दृष्टिदोषाचे कारण सांगून त्यांना परत पाठविले. त्यांनी आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून नामांकित नेत्रवैद्याकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. जुलै १९१७ मध्ये ते अधिकारी झाले. परंतु डिसेंबरात त्यांच्या विमानास अपघात झाला आणि उड्डाणास अपात्र असा वैद्यकीय शेरा पडला. दुखणाईत असता ते विमानांची चित्रे काढीत. त्यांतील कित्येक जपली गेली आहेत. वरिष्ठांच्या विनवण्या करकरून ते जून १९१८ मध्ये ४० व्या स्क्वाड्रनमधून पुन्हा रणभूमीवर गेले.

६ ते १९ जुलै या अवघ्या १४ दिवसांत १० विमानांवरील विजय त्यांच्या नावावर नोंदले गेले. त्यांपैकी दोन सहकाऱ्यांच्या साथीने मिळविलेले. ८ जुलैस तर चार तासांत तीन. २२ जुलैस फ्रान्समधील कार्व्हँ गावावर जर्मन फोकर विमानांशी झुंजताना ते पडले. वय १९ वर्षे. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ सप्टेंबरात मरणोत्तर जाहीर झाला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय. एस्तव्हेल येथील त्यांच्या समाधिशिलेवर बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत.

ते परक्या राजासाठी लढले, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो खोडून काढण्याचा आमचा अट्टाहास नाही. भारतीयांना अधिकारपद देण्यास कां-कूं करणाऱ्या त्या राज्यात त्यांनी आपली पात्रता दोन वेळा सिद्ध केली, एवढेच आम्ही म्हणतो.

त्याच दलात मुंबईचे वेलिणकरही वैमानिक होते. रॉय यांच्या पहिल्या विजयाच्या काही दिवस आधीच, शत्रूच्या हाती सापडून, ते जखमांनी निवर्तले. त्यांना पदक नाही. म्हणून की काय, त्यांचे नाव आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही.

यंदा बाजूस सारलेले अर्ज कार्यकारी मंडळाने दिवाळीपूर्वी पुन्हा एकवार उघडून पाहावेत, अशी आमची विनंती आहे.