सुतापासून मायक्रॉनपर्यंत

लोखंडाच्या दुकानात आजही ‘चार सूत’ सळई मागितली जाते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत मात्र बोलणे चालते ते मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो!

या वसाहतीत किर्लोस्कर न्यूमॅटिकचा कॉम्प्रेसरचा कारखाना आहे. कंपनी १९५८ सालची. स्क्रू कॉम्प्रेसरचे दोन रोटर एकमेकांत फिरतात. त्यांच्यातली फट वाढली तर हवा मागे गळते, कमी पडली तर रोटर घासतात. असे काम नुसत्या हाताच्या अंदाजावर होत नाही.

१९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेने छिद्रे पाडलेल्या फितीवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले. पुढे फितीची जागा संगणकाने घेतली, तेच आपले सीएनसी. टर्नरच्या हातातली चाके गेली, आकडे आले. मशीन थकत नाही, हे खरे. पण सांगितले तेवढेच करते, हेही तितकेच खरे.

आता उन्हाळ्याचे पाहा. शंभर मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब दहा अंशांनी तापला की सुमारे बारा मायक्रॉन फुगतो. बेअरिंगच्या जागी एकूण मुभाच वीस-बावीस मायक्रॉनची; निम्मी उन्हानेच खाल्ली! मशीनचा स्क्रूही तापून लांबतो. मोटरवरचा एन्कोडर फक्त फेरे मोजतो, त्याला ही लांबी कळत नाही. म्हणून नव्या महागड्या मशीनवर सरकत्या भागाची जागा थेट वाचणारी काचपट्टी असते, जॉबला स्पर्श करून माप घेणारा प्रोब असतो, तापमानाचा हिशेबही मशीनच करते.

साध्या मशीनवर मात्र हे सारे ऑपरेटरला कळावे लागते. ‘बटन दाबायला कशाला शिकलेला माणूस?’ असे म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. मला हा हिशेब महागातला वाटतो. नवखा मुलगा गरम जॉब मोजतो, माप जास्त दिसले म्हणून ऑफसेट बदलतो, आणि संध्याकाळी थंड झालेली अख्खी लॉट कमी मापाची निघते.

मोजमापाचे प्रमाण तापमान जगभर वीस अंश. छोट्या शेडला तशी वातानुकूलित खोली परवडत नाही. तिथला जाणता सेटर पोलादी जॉब आणि पोलादी मास्टर एकाच सरफेस प्लेटवर शेजारी ठेवतो, निवांत चहा घेऊन येतो आणि मग मोजतो. तोवर दोन्ही एकाच तापमानाला आलेले असतात. वाढले असले तरी सारखेच.