कंबरदुखी आणि व्यायामातील सातत्य



कंबरदुखीच्या रुग्णाला व्यायाम सांगणे सोपे असते. तो त्याच्याकडून महिनोन्‌महिने चालू ठेवविणे हेच खरे कठीण काम होय. 2020 साली जगभरात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना ही व्यथा होती. त्यांतील बहुसंख्यांच्या दुखण्यामागे मोडलेले हाड, जंतुसंसर्ग अथवा गाठ असे निश्चित कारण आढळत नाही. अशा जुनाट दुखण्यावर नियमित व्यायामाचा उपयोग होतो, याविषयी वैद्यकात फारसा मतभेद उरलेला नाही. तरीही उपचार अर्ध्यावर सुटतो.

बंगळूरनजीक जिगणी येथे स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाचे निवासी आरोग्यकेंद्र आहे. या संस्थेने जुनाट कंबरदुखीच्या 80 रुग्णांवर केलेला एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. यदृच्छेने पाडलेल्या दोन गटांपैकी एकाने सात दिवस योगाभ्यास केला, तर दुसऱ्याने शारीरिक व्यायाम. कण्याची लवचीकता दोन्ही गटांत वाढली. योगाभ्यास करणाऱ्यांत ती अधिक वाढली आणि दैनंदिन कामांतील त्यांची अडचणही अधिक कमी झाली. योग श्रेष्ठ की व्यायाम, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. निवासी उपचारात वेळ ठरलेली असते, सोबती असतात, चूक दाखविणारा शिक्षक जवळ असतो. आठव्या दिवशी तोच मनुष्य पीण्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी उभा राहतो, किंवा व्हाइटफील्डच्या वाटेवर वाहनांच्या गर्दीत अडकून बसतो. सातत्याची परीक्षा तेथून सुरू होते.

व्यायाम सोडणाऱ्यास आळशी ठरविण्याची उपचारकांची सवय अन्यायाची आहे. नेदरलँड्समधील भौतिकोपचाराच्या रुग्णांविषयी 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन गोष्टी पुढे आल्या होत्या: रुग्णाला जाणवणाऱ्या अडचणी, उपचारकाकडून प्रोत्साहनपर प्रतिसाद न मिळणे, आणि आपल्या हाती काही नाही ही असहायता. या असहायतेला आपल्याकडे एक खास रूप आहे. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे शब्द कानी पडले की मनुष्य वाकण्यासही भितो. व्यायामाने थोडे दुखले की मणका सरकला, असेच त्याला वाटते. वस्तुतः कंबर मुळीच दुखत नाही अशा अनेकांच्या चित्रणातही झिजलेल्या चकत्या दिसतात. हे समजावून सांगण्यात गेलेली दहा मिनिटे शेकण्याच्या दहा मिनिटांपेक्षा मोलाची होत. (पाय लुळा पडणे, जांघेत बधिरता येणे, लघवीवरचा ताबा जाणे, ही लक्षणे मात्र निराळी, तेथे तत्काळ रुग्णालय गाठावे.)

उपचारकाचा उत्साहही कधी कधी आड येतो. आठ व्यायामांचा छापील कागद हाती ठेवला की कर्तव्य संपले, असे त्याला वाटते. 65 वर्षांवरील व्यक्तींच्या एका अभ्यासात, 1999 साली, दोनच व्यायाम दिलेल्यांनी ते आठ दिलेल्यांपेक्षा अधिक नीट करून दाखविले होते. म्हणून आरंभी दोन पुरेत, आणि तेही रुग्णाच्या दिनक्रमात बसणारे: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक, रात्री अंथरुणावर दुसरा. दुखणे पुन्हा उसळल्यास व्यायाम बंद न करता आवर्तने निम्मी करावीत, हेही आधीच ठरलेले असावे.

पुढच्या भेटीत ‘व्यायाम करता ना?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. ‘कोणत्या दिवशी राहून गेला, आणि त्या दिवशी घरी काय होते?’ असे विचारले की रुग्ण बोलू लागतो.